प्रसंग काय शे?

आमच्या गल्लीतले पोपटनाना हात दाखवून रिक्षा थांबवतात, पण बसण्यासाठी नाही. रिक्षाच्या पाठीवर रंगवलेलं वाक्य ते आधी वाचतात, मग पुढे जाऊन चालकाला अहिराणीत दरडावतात, "हाई वाक्य कोन बोलस? कोनले बोलस? प्रसंग काय शे?" त्या बिचाऱ्याला ते पेंटरने सुचवलेलं असतं आणि पेंटरने कुठल्यातरी ट्रकवर पाहिलेलं असतं. मग मागे हॉर्नचा गोंगाट चालू असताना नाना भर चौकात त्याला नाटकाचा सगळा अंक समजावून सांगतात.

वाक्य कविराजांचं असतं. कविराज म्हणजे आमच्या खानदेशातले जुने नाटककार. त्यांची नाटकं हल्ली कोणी करत नाही, पुस्तकं मिळत नाहीत, पण वाक्यं सगळ्या जळगावभर मोकाट फिरतात. क्लासच्या भिंतीवर, उमेदवाराच्या बॅनरवर, पोरांच्या स्टेटसवर, जिकडे पाहावं तिकडे कविराज. ती लिहिणाराही कोणी माणूस होता, हेच लोक विसरून गेलेत.

नाना मूळचे दोंडाईचाकडचे. दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर होते आणि तिथल्या कॉलनीच्या नाट्यमंडळात तीस वर्षं प्रॉम्प्टर. विंगेत पुस्तक धरून उभं राहायचं आणि नट अडला की पुढचे दोन शब्द हळूच द्यायचे. त्यामुळे कविराज त्यांना तोंडपाठ, आणि कुठलं वाक्य कोण कुठे तोंड करून बोलतो तेही. निवृत्त झाल्यावर जळगावात आले. बायको वारली. मुलगी धुळ्याला असते, पण तिचा विषय काढायचा नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक.

माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान. असा माणूस रोज सकाळी दहाला काउंटरपाशी स्टूल ओढून बसला, तर माणसाने धंदा कसा करायचा, तुम्हीच सांगा.

एकदा श्रद्धांजलीचा फ्लेक्स करत होतो. मयताचे पुतणे डोळे पुसत उभे. खालच्या दोन ओळी वाचून नाना म्हणाले, "हे पाटील बोलतो. मेलेल्या म्हशीजवळ बसून." एका क्लासवाल्या सरांनी हौसेने निवडलेलं वाक्य नाटकात एक भामटा आपल्या चेल्याला शिकवतो, हे त्यांनी सरांना विद्यार्थ्यांदेखत सांगितलं. सर परत दुकानात आले नाहीत. मी चिडून म्हणायचो, "नाना, लोकांना वाक्य आवडतं, ते घेतात. तुमचं काय जातं?"

"माणूस पोटातून बोललेला असतो," नाना म्हणायचे, "अन् तुम्ही ते तोरणासारखं कुठेही टांगता. थोडी तरी लाज धरा."

आता या सीझनचं ऐका. पाचोऱ्याचे एक कापडवाले शेठ मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. वरती कविराजांचं तेच ठरलेलं वाक्य, जे दहातल्या आठ पत्रिकांवर असतं. बाप मुलीला सांगतो की तू कधीही ये, हे दार तुझ्यासाठी उघडं आहे. वाक्य साधंच, पण वाचून शेठजींचे डोळे भरून आले होते. नाना स्टुलावरून उठले.

"शेठजी, प्रसंग माहीत आहे? मुलगी बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून निघालीय. बापाने आतून कडी घातलीय. ती गल्लीच्या टोकाशी पोचल्यावर तो बंद दाराशी हे बोलतो. तिला ऐकूही जात नाही."

शेठजींनी नमुने शांतपणे काउंटरवर ठेवले. "भाऊ, आमच्या घरी शुभ काम आहे," मला म्हणाले, आणि समोरच्या दुकानात गेले.

मी भडकलो. भर दुकानात म्हणालो, "नाना, उद्यापासून या पायरीवर चढायचं नाही. मेलेल्या नाटककाराची राखण करता, जिवंत माणसाचं पोट तुम्हाला दिसत नाही." नानांनी स्टूल जागेवर सरकवलं. चपला घातल्या आणि गेले.

आठवडाभर आले नाहीत. मला बरंच वाटायला हवं होतं, वाटलं नाही. नवव्या दिवशी आले ते पायरीखाली उभे राहिले.

"पत्रिका छापानी शे."

"कोणाची?"

"मन्ही पोरनी."

मला कळेना. "नाना, तिचं लग्न तर अकरा वर्षांपूर्वी..."

"व्हयी गये. जातबाहेर लगीन कये म्हनीसन मी पत्रिका छापेल नव्हती." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "ती निंघनी तवय मी दारले मझारथून कडी लायी लिधी. कविराजनं वाक्य तोंडमां व्हतं. बोलनू नही. तीस वरीस दुसरासले शब्द दिधात, मना टाइमले मले कोनी दिधात नही."

मी त्यांना हाताला धरून वर आणलं. बोलल्याची लाज वाटत होती मला. किती छापायच्या, विचारलं. एक, म्हणाले. मुहूर्त नाही, स्थळ नाही. वरती ते वाक्य, मध्ये मुलीचं नाव आणि तिच्या शेजारी जावयाचं, आडनावासकट. ते आडनाव स्क्रीनवर आलं तेव्हा नानांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"खाली कविराजांचं नाव टाकू ना?"

"नको. मनं नाव टाक."

पत्रिका पिशवीत घालून ते निघाले, दोन पावलांवर थांबले. "धुळ्याले येशी का संगे? एकला जावानी हिंमत नही."

ऐन सीझनमध्ये मी शटर ओढलं. बसमध्ये नाना तोंडातल्या तोंडात तेच वाक्य घोकत होते. धुळ्याला पत्ता विचारत घर सापडलं. मुलीने दार उघडलं. नानांनी नुसती पत्रिका पुढे केली.

तिने ती उंबऱ्यातच वाचली. खालचं नाव दोनदा वाचलं. मग पदराने तोंड पुसून आत हाक दिली, "अहो, खुर्ची आणा. माझे नाना आलेत."

जावई खुर्ची घेऊन आला. ती ठेवून तो वाकून नमस्कार करायला लागला, तर नानांनी त्याचा दंडच धरून ठेवला. बसा, बसा म्हणून आम्ही सगळे सांगत होतो, पण ते काही त्याचा हात सोडेनात.