तात्यांच्या भिंतीवरची माणसं

आमच्या शेजारच्या सिद्रामतात्यांच्या बाहेरच्या खोलीत अठ्ठावीस फोटो आहेत, आणि त्यातला एकही माणूस त्यांच्या नात्यातला नाही. सगळे अमेरिकेतले. गुलामगिरीवरून तिकडे आपापसातच मोठं युद्ध झालं, तेव्हाचे. वीतभर दाढ्या, वाकड्या टोप्या, तोफा, पडके पूल. तात्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणतात आणि फ्रेम घरी ठोकतात. जन्म गिरणीच्या सुतारखात्यात गेल्यामुळे फ्रेमला नाव ठेवायला जागा नाही.

आलेल्या माणसाला पाण्याआधी फोटो मिळतो. "निरखून बघा की! ह्यो जनरल. लई तापट. त्याचं वजन बघा आन् ते घोडं बघा." एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी तिसऱ्या लढाईपर्यंत बसवून घेतलं. शेवटी बिचारा मीटर न बघताच पळाला.

त्यांच्या मंदाला बघायला अकलूजचे पाहुणे आले, तेव्हा मध्यस्थ मीच होतो. मुलाच्या वडिलांनी फोटोंना हात जोडले. "घराणं मिलिटरीतलं दिसतंय," ते माझ्या कानात म्हणाले, "आन् रंगानं उजळ." मी गप्प बसलो. मंदाला मुलगा आवडला होता. एखाद्या जनरलमुळे जमत असेल तर जमू दे म्हटलं.

पण तात्यांनी ऐकलं. "आवो, ही आमची न्हाईत. अमेरिकेची हाईत."

मंदाच्या आईनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, पोह्यांची बशी जरा जोरातच ठेवली.

"मग तुमचे वाडवडील कुटं हाईत?" पाहुण्यांनी विचारलं.

तात्यांनी त्यांना दाराजवळच्या फ्रेमपाशी नेलं. खोरी घेऊन उभे असलेले पाच काळे मजूर. "जनरलची नावं लिवून ठेवली. ह्यांची कुणी इचारलीच न्हाईत," तात्या म्हणाले. "माझा आजा असाच सडकंवर खपला. त्याचा फोटो कुणी काडला न्हाय. वडील सांगायचे, तो ह्या मदल्यागत उभा ऱ्हायचा. म्हनून ह्यो माझा आजा."

मला माझ्या गप्प बसण्याची लाज वाटली.

पाहुण्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ फोटो पाहिला.

"आमच्या आज्याचाबी फोटो न्हाय," ते म्हणाले. "ह्यो कडंचा कुणाचा हाय?"

"अजून कुणाचा न्हाय."

"मग ह्यो आमचा असू द्या."