सत्त्याऐंशीला हात वर

किर्तीनं विद्यापीठाची वर्षाची फी नऊ हजार आहे असं सांगितलं, तेव्हा गुणवंतीनं कोळंबी सोलायची थांबवली आणि नातीकडे असं पाहिलं, जणू पोरगी कालचं पापलेट आजचं म्हणून खपवत होती.

"नऊ हजारात तर शेजारच्या वाडीतला क्लासवाला पाढे पण शिकवत नाय," ती म्हणाली. "आत गेल्यावर खरा भाव सांगतील. सरकार काय तुझा मामा हाय?"

किर्तीनं समजावून पाहिलं. संख्याशास्त्राचा पाच वर्षांचा कोर्स, जागा मोजक्या, शिकून बाहेर पडलेल्यांना चांगल्या नोकऱ्या लागतात. गुणवंतीला कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची सवय नव्हती. मच्छीमार नगरात तिच्या शब्दाबाहेर होडी सुटत नसे, असं ती स्वतःच सांगायची. दुसरीतून शाळा सुटली तिची, पण मालाची पारख तिला कुणी शिकवावी लागली नव्हती. लोअर परळला काचेच्या इमारतीत एक खाजगी कॉलेज होतं, त्याची फी लाखांत. हे दुसरं सरकारी. कुठला माल चांगला, ते ती स्वतः बघणार होती.

गिरगावच्या बाजारातली तिची गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्यांची. कुणाचं पोर काय शिकलं हे तिला ठाऊक होतं, आणि कमावतं किती हे पगार न विचारता कळत होतं, कारण माणूस खोटं बोलेल, त्याची पिशवी खोटं बोलत नाही. सरोजिनीबाईंचा ध्रुव काचेच्या कॉलेजातून बाहेर पडला होता, आणि घरात दुसरा कमावता आल्यावरही सरोजिनीबाई स्वस्तातल्या मांदेलीच्या वाट्यावरून पुढे सरकल्या नव्हत्या. उलट भोईवाड्याच्या कारकुनाची जुई सरकारी विद्यापीठात शिकली, ती हल्ली येते आणि भाव न विचारता सुरमई कापायला सांगते. एवढ्यावर थांबली असती तर बरं. पण गुणवंतीनं भर बाजारात सरोजिनीबाईंनाच विचारलं, की एवढे लाख ओतून पोरगा मांदेलीलाच आला, तर त्या कॉलेजवाल्यांकडून पैसे परत का नाही मागत? सरोजिनीबाई पिशवी मिटून गेल्या त्या गेल्याच. गुणवंतीला मात्र निकाल मिळाला. सरकारीच घ्यायचं. फक्त भाव नीट करून.

प्रवेशाच्या पहिल्या याद्यांत किर्तीचं नाव लागलं नाही. शेवटी उरलेल्या चार जागांसाठी सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावलं. गुणवंती हिरवं नऊवारी नेसून, गळ्यात सोनं घालून पुढच्या रांगेत बसली. माईकवरून एका बाईंनी इंग्रजीत बरंच काही समजावलं. तेवढ्या वेळात गुणवंती पंखा कुणावर वळवावा यावर शिपायाशी भांडत होती. तेवढ्यात एका कागदाची झेरॉक्स राहिल्याचं किर्तीच्या लक्षात आलं.

"आजी, मी आलेच. आणि ते सत्त्याऐंशी म्हणाले ना, की हात वर कर. बाकी काही बोलू नको."

टेबलामागच्या क्लार्कनं सुरुवात केली. "पंच्याण्णव." कुणी हललं नाही. "चौऱ्याण्णव. त्र्याण्णव."

गुणवंतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंच्याण्णव हजार! नऊ म्हणे नऊ. ही पोरगी आजीला घाबरून खरा भाव लपवून होती, आणि सत्त्याऐंशी हजारांवर तयार झाली होती, वेडी. बंदरावर दलाल असाच वरून सुरुवात करतो आणि माल उचलला जात नाही तसा उतरत येतो. तिथे ज्यानं आधी हात वर केला, तो बुडाला.

ब्याण्णवला एका बाईनं हात वर केला. गुणवंतीनं तिची कीव केली. नव्वदला एक, अठ्ठ्याऐंशीला एक. लोकांना पैसा जड झाला होता.

"सत्त्याऐंशी," क्लार्क म्हणाला. त्यानं हॉलभर नजर फिरवली. "सत्त्याऐंशी आहे का कुणी?"

गुणवंतीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. शेजारी भोईवाड्याचा गणपत नावाचा गृहस्थ मुलासाठी आला होता. मघापासून दोघांच्या बोंबलाच्या भावावर गप्पा चालल्या होत्या. त्याचा हात चुळबुळायला लागलेला बघून ती कुजबुजली, "गप ऱ्हा रे. घाई करू नको, अजून उतरंल."

गणपतला काही कळलं नाही. "शहाऐंशी," क्लार्क म्हणाला, आणि गणपतचा हात वर गेला. चारही जागा भरल्या. क्लार्कनं पेनाचं टोपण लावलं.

बंदरावर टोपण लागलं म्हणजे खरा सौदा सुरू होतो. गुणवंती उठली. "ओ साहेब, ऐंशीला घेते. रोख. आत्ता."

मघाच्या बाई जागेवरून उठल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की इथे पैसे घेऊन प्रवेश देत नाहीत, आणि असं परत बोललात तर पोलिसांना बोलवावं लागेल. गुणवंती म्हणाली, बोलवा, पोलिसांनाही मीच मासळी देते. नेमकी तेव्हा किर्ती झेरॉक्स घेऊन दारात उभी राहिली.

तिला दोन वाक्यांत सगळं कळलं. चेहरा उतरला, पण पहिलं बोलली ती आजीला वाचवायला. "मॅडम, सत्त्याऐंशी टक्के माझे आहेत. आजीला कमी ऐकू येतं."

टक्के. गुणवंती तशीच उभी राहिली. निकालाच्या दिवशी तिनं मच्छीमार नगरभर पेढे वाटले होते, नात पहिली आली म्हणून सांगितलं होतं. अख्ख्या बाजाराचे भाव तिच्या जिभेवर होते. पोरीला किती मार्क पडले, हे तिनं विचारलंच नव्हतं.

बाई जवळ आल्या आणि तिच्या कानाशी ओरडल्या, "आजी! नंबर ऐकू आला नाही का? तसं असेल तर विचार करता येईल!"

गणपत खाली मान घालून बसला होता. बहिरी म्हणवून घ्यायला काय लागतं, नुसती मान हलवायची. पण मग त्याच्या मुलाची जागा जाणार, आणि तिचे कान कसे आहेत हे तोच एकटा जाणून होता. त्यानं तोंड उघडलं नाही. तेच गुणवंतीला सोसवेना.

"कान धड हायत माझे," ती म्हणाली. "मना वाटला, भाव पुकारतात. उतरंल म्हणून थांबली. पोरीचा दोष नाय."

आधी मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल हसला. ज्या बाईला आयुष्यात कुणी हसलं नव्हतं, ती पदर सारखा करत खाली बसली. मॅडम हसल्या नाहीत. नियमाप्रमाणे जागा गेली, एवढंच म्हणाल्या, आणि किर्तीचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं लिहायला सांगितलं.

घरी किर्ती भांडली नाही. भांडली असती तर गुणवंतीला बरं वाटलं असतं. ती ताट वाढून द्यायची आणि आत जाऊन बसायची. गुणवंती बाजारात जो मागेल त्या भावाला मासळी देत सुटली. सरोजिनीबाईंच्या दारात स्वतः जाऊन पापलेटाची जोडी ठेवून आली. पैसे घेतले नाहीत, बोललीही नाही.

आठवडा सरता सरता फोन आला. ब्याण्णववाल्या बाईंच्या मुलाला दुसरीकडे इंजिनिअरिंग मिळालं होतं. गुणवंती फीचे नऊ हजार पदराला बांधून किर्तीमागून गेली, या खेपेला साधं लुगडं नेसून. खिडकीत तोच क्लार्क होता. त्यानं तिला ओळखलं, कागद चाळले, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला पाहिला.

"आजी, तुमच्या कागदांवर फी माफ आहे. काही भरायचं नाही."

आयुष्यभर ज्या भावाची वाट पाहिली तो समोर आला होता, आणि गुणवंतीनं पदराची गाठ सोडली.

"असं नको. नऊ हजार ठरले होते."

"माफ आहे आजी."

"बरं, आठ घ्या."

"अहो, घेताच येत नाही."

"साडेआठ," गुणवंती म्हणाली. "याच्यावर मना परवडत नाय."

मागे रांग थांबली होती. क्लार्कनं हताशपणे किर्तीकडे पाहिलं. किर्तीनं तोंडावर ओढणी धरली होती, आणि तिचे खांदे हलत होते. गुणवंतीला वाटलं, पोरगी रडते आहे. तिनं आणखी पाचशे काढून खिडकीत ठेवले.