चौथ्याचं पान

"आधी तिघांना मान, मग चौथ्याला पान."

कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंचा हा आवाज जाळीवाल्या सरांच्या कानात त्या दिवसांपासून मुक्कामाला होता. जात्याच्या घरघरीसारखा, थांबला तरी ऐकू येणारा. सर संगणकांचं जाळं शिकवत, म्हणून मुलांनी त्यांचं हे बारसं केलेलं. खऱ्या तारा ओढायच्याच नाहीत. पडद्यावर लुटुपुटूचे संगणक मांडायचे, लुटुपुटूच्या तारा जोडायच्या आणि एकाकडून दुसऱ्याकडे निरोप धाडायचा. पोचला की हिरवी खूण.

हा सगळा खेळ सरांच्या एका जुन्या पेन ड्राइव्हमध्ये राहत असे. विद्यार्थी असताना बाईंनीच तो भरून दिला होता. कुठंही लावा आणि चालवा. संगणकात काही बसवायला नको. फक्त एक खोड होती. संगणक आलेल्या प्रत्येक पेन ड्राइव्हला ओळीनं अक्षर देतो: ई, एफ, जी, एच. आणि हा पठ्ठ्या एचवरच चालायचा. म्हणजे आधी दुसरे तीन पेन ड्राइव्ह लावायचे, मग याला. चौथ्याच खुर्चीवर बसणाऱ्या हट्टी आजोबांसारखा. ही खोड का, असं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "शिस्त असते एकेकाची."

आज मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि कालच वरच्या कार्यालयानं प्रयोगशाळेतले सगळे संगणक धुऊनपुसून स्वच्छ केले होते. त्यात मुलांच्या सरावासाठी बसवलेला नवा खेळही वाहून गेला; उरला तो हा जुना पेन ड्राइव्ह. तारीख हुकली तर परीक्षा पुढच्या सत्रात, आणि मुलांच्या ठरलेल्या नोकऱ्या पाण्यात. त्यातून बाहेरच्या परीक्षक म्हणून आल्या कोण? साक्षात बाई. केस पांढरे झालेले, नजर तीच.

"अरे मुक्या, तू शिकवतोस?" बाई म्हणाल्या. कॉलेजात सरांना याच नावानं हाक मारत. चार वर्षांत चार वाक्यं बोललेला मुलगा तो. वर्गानं नाव टिपून घेतलं.

"पाच मिनिटं द्या, बाई," म्हणून सर पेन ड्राइव्हच्या भिक्षेला निघाले. त्यांच्या कपाटातले तिन्ही मुलांनी नेलेले, ते कधीच परतले नव्हते.

ग्रंथपालांनी आढेवेढे घेत आपला दिला. तो लावताच प्रयोगशाळेत गाणं सुरू झालं. आवाज ग्रंथपालांचा, सूर कुणाचाच नाही. आयुष्यभर लोकांना "शू" करत आलेला माणूस दारात उभा राहून स्वतःला ऐकत होता.

"काढा ना तो," ते कुजबुजले.

"काढला तर अक्षर जाईल. आवाज कमी करतो."

दुसरा हिशेबनीसांचा. तो मुकाट बसला. तिसरा प्राचार्यांचा. तो लावताच भिंतीएवढ्या पडद्यावर प्राचार्य झळकले: कुरळ्या केसांत, मग भांग पाडलेल्या केसांत, मग कपाळावर बट सोडलेल्या. केसांचा टोप निवडायचं काम अजून चालू असावं.

"हे... भाच्याच्या लग्नासाठी," असं म्हणत प्राचार्यांनी आपला पेन ड्राइव्ह उपटला आणि खिशात घातला. सर तेव्हा टेबलाखाली, मागच्या बाजूला आपला चौथा लावत होते. त्यांना वर काय घडलं ते दिसलं नाही. तिसरी खुर्ची रिकामी. आजोबा तिच्यावर बसले आणि रुसले. पडद्यावर नुसती लाल फुली.

"सर, तिसरा प्राचार्यांनी काढून नेला. आता घरी फोन करा ना," मागच्या बाकावरून सल्ला आला.

सरांनी बायकोला फोन केला. ती जवळच एका छपाईच्या दुकानात काम करायची. हातातलं काम टाकून धापा टाकत आली.

"इतक्या वर्षांत जरा बदलशील तर शपथ," ती दारातूनच म्हणाली. "घे. माझ्या गिऱ्हाईकाची पत्रिका आहे त्यात, पुसू नकोस."

बाईंनी चष्मा सारखा केला. "तू याच्या शेजारच्या बाकावरची ना गं? तुझाच पेन ड्राइव्ह न्यायचा हा."

"अजून नेतोय, बाई. आता पेन ड्राइव्हवालीसकट."

सरांनी आधी आजोबांना उठवलं. तिचा तिसरा लागला. चौथा लागला. पडद्यावर जुनं निळं आकाश उघडलं, लुटुपुटूचे संगणक उमटले. पहिल्या मुलीनं तार जोडली, निरोप धाडला, आणि तो थरथरत पोचला. हिरवी खूण. पार्श्वभूमीला ग्रंथपाल हळू आवाजात गातच होते.

परीक्षा संपली, मुलं पांगली. बाई मात्र जागेवरून उठेनात. हातातलं पेन फिरवत राहिल्या.

"एक सांगायचं होतं तुला," त्या म्हणाल्या. "शिस्तबिस्त काही नव्हती. माझ्या घरच्या संगणकावर तो एच होता, तोच पत्ता मी आत लिहून बसले. चूक होती माझी. तुम्ही पोरं इतकी भक्तीनं तिघांना मान द्यायला लागलात, की सांगायची लाज वाटली. एक ओळ बदलली असती, तर कुठंही चालला असता."

बायको कपाळावर हात मारून खाली बसली. "म्हणजे इतकी वर्षं ही वरात उगाच?"

सर चारही पेन ड्राइव्ह एकेक करून काढत होते. मान वर न करता म्हणाले, "ती ओळ मला दुसऱ्याच महिन्यात सापडली होती, बाई."

"मग बदलली का नाहीस?"

सरांनी बायकोचा पेन ड्राइव्ह तिच्या तळहातावर ठेवला. लगेच हात काढला नाही.

"बदलली असती, तर हिच्याकडे काय मागितलं असतं?"