स्फोटाची फाईल

थोरल्यांचं बोलणं जाऊन सात महिने झाले होते. अर्धांगवायूच्या झटक्यातून हात सावरला, पाय सावरला. जीभ मात्र रजेवर गेली ती परत रुजू झालीच नाही. ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, एवढंच डॉक्टर सांगत. धाकटे, म्हणजे त्यांचे निवृत्त कारकून भाऊ, अस्वस्थ होते. त्यांना अरे-तुरे करणारं थोरल्यांखेरीज आता जगात कोणी उरलं नव्हतं.

म्हणून त्यांनी ठरवलं की दादाला तो अंतराळयानांचा खेळ ऐकवायचा. तरुणपणी कॉलेज बुडवून दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात त्या खेळाच्या कपाटाएवढ्या यंत्रापुढे तासन् तास उभे राहत. धाकट्यांनी एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग वठवणारा प्रोग्राम, कॉम्प्युटरवर चढवला. यानं आली, गोळ्या सुटल्या, स्फोट झाले, आणि सगळं मुक्यानं. (घरात एक मुका पुरेसा नव्हता.) चौकशीअंती कळलं, या खेळाला आवाजाच्या नऊ फायली वेगळ्या लागतात आणि त्या गहाळ आहेत. 'गहाळ' शब्द वाचून धाकट्यांना नोकरीवर परतल्यासारखं वाटलं.

शोधून मिळेनात, तेव्हा त्यांनी आवाज स्वतःच काढायचं ठरवलं. स्वयंपाकघराचं दार लावून ते मोबाईलपुढे "सुंईऽऽ", "टुक टुक", "धडाम" असं ओरडले. बायकोनं शेजारणीला हळूच सांगितलं की आता ह्यांचंही सुरू झालं. फायलींना त्यांनी 'मोठा स्फोट, सुधारित, अंतिम' अशी रीतसर नावं दिली. प्रोग्रामनं एकही स्वीकारली नाही. त्याला ठरलेलं नाव अक्षरन् अक्षर हवं होतं. एका वेलांटीपायी तीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवणारे धाकटे सबंध दुपार स्वतःचेच अर्ज दुरुस्त करत बसले.

संध्याकाळी थोरल्यांना समोर बसवलं. धाकट्यांनी कळ दाबली. गोळी धाकट्यांच्या आवाजात "सुंईऽऽ" करत गेली. थोरल्यांच्या भुवया हलल्या. यान फुटलं, आणि "धडाम"पाठोपाठ दाराबाहेरून आल्यासारखा बायकोचा आवाज आला, "अहो, दूध उतू चाललंय." (रेकॉर्डिंगच्या वेळी ते खरंच गेलं होतं.) दुसरं यान फुटलं, पुन्हा दूध उतू गेलं. बायको हातातलं काम टाकून आली.

"मी कधी बोलले?"

थोरल्यांचे ओठ थरथरले. धाकट्यांनी त्यांचा हात घट्ट धरला. "बोल दादा, काय म्हणायचंय?"

थोरल्यांनी सात महिन्यांची ताकद गोळा केली.

"बंद... कर."

धाकटे लहान मुलासारखे रडले. डॉक्टरांनाही आनंद झाला; रोज ऐकवत जा, म्हणाले. धाकट्यांनी एकही दिवस चुकवला नाही. पंधरवड्यात थोरल्यांना अख्खं वाक्य येऊ लागलं. सध्या ते एकच आहे, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते हात जोडून सांगतात.

"याला आधी बाहेर काढा."