हंबीररावांच्या वखारीतली करवत

जुनं मशीन पारखावं तर माझ्यासारख्यानं! लढाईत तीन वर्षं रावळपिंडीच्या लष्करी वर्कशॉपात सुतारकी केलेला माणूस मी! शेहेचाळीस साली शाळेच्या चाळीस बाकांचं काम मिळालं. हातानं कापत बसलो असतो तर पोरं बाकांविनाच पास झाली असती. म्हणून मेव्हण्याला, केरबाला, घेऊन कराडहून सांगली गाठली. तिथं हंबीररावांच्या लाकडाच्या वखारीत गोल करवतीचं जुनं मशीन विकायला होतं.

वाटेत केरबाला बजावलं, "मशीन कितीबी झ्याक असंल, तरी तोंड वाकडंच ठेवायचं. खोट काढायची, भाव पाडायचा!"

"व्हय दाजी," म्हणत त्यानं फुटाण्याची पुडी सोडली.

हंबीररावांनी तेलाचं इंजिन चालू करून पट्टा चढवला. करवत फिरू लागली. मी पेचकसाचं टोक बेअरिंगला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छातीला नळी लावतो तशी!

"कडकड वाजतंय! बेअरिंग खलास!"

"आवं मिस्त्री, तुमचं पावणं फुटाणं खात्यात," हंबीरराव म्हणाले.

केरबा माझ्या कानाशी वाकून दाढा चालवत होता! त्याला लांब पिटाळलं. कडकड बंद!

"पर पातं हालतंय!"

"पातं न्हाई, तुमी हालताय. पायाखालचा ओंडका डुगडुगतोय."

हमाल फिदीफिदी हसले. माझं डोकं तापलं. भिंतीला टेकवलेली फळी ओढली आणि सारली करवतीत! हंबीरराव हात नाचवत ओरडू लागले. इंजिनाच्या धडधडीत ऐकू कुठं येतंय? मला वाटलं, खोट उघडी पडणार म्हणून घाबरला गडी! मी आणखी जोर लावला.

फळी लोण्यासारखी दुभंगली. रेघ इतकी सरळ, की मी भानच विसरलो.

"वा! असलं मशीन रावळपिंडीतबी बघितलं न्हाई! सोनं हाय, सोनं!"

इंजिन थांबलं. केरबानं कपाळावर हात मारला. हंबीररावांनी दोन्ही तुकडे उलटवले. भिंतीकडं असलेल्या अंगाला ताज्या रंगातली अक्षरं. उद्या दारावर चढायची वखारीची नवी पाटी! हंबीररावांचं नाव कमरेतून तुटलेलं. वरच्या तुकड्यात डोकी, खालच्यात नुसते पाय!

आता भाव पाडायचा कोणत्या तोंडानं? सांगतील ती किंमत कबूल केली, वर पाटीचे पैसे वेगळे. मशीन बैलगाडीत चढलं. मी खाली मान घालून दोर आवळत होतो. तेवढ्यात हंबीरराव केरबाला म्हणाले,

"पावणं, फुडच्या म्हयन्यात रंध्याचं मशीन इकायचं हाय. या की बघायला. पर एकटंच या!"