ओझेलाचं पुडिंग आणि वर्डेलचा बर्फ

लग्न झाल्यापासून वर्डेल दर नाताळला सासरच्या जेवणासाठी बर्फ आणत असे. बर्फ आणि कागदी बशा. ओपेलूसस गावातल्या त्या घरात कोणी काय आणायचं हे सासूबाई, म्हणजे मिस टिल्डा ठरवत; तिकडे वडीलधाऱ्या बायकांना मिसच म्हणतात. ज्या सुनेच्या हातावर भरवसा नाही, तिला बर्फ. भरवसा थोडा बसला की मक्याची कणसं. आणि ब्रेड पुडिंग म्हणजे थेट गादी. त्या गादीवर थोरली नणंद ओझेला बसलेली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

ती उठली ती चर्चच्या पायरीवरून घसरून. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि संध्याकाळी मिस टिल्डांचा फोन आला.

"यंदा पुडिंग तू कर. बर्फाचं मी बघते."

वर्डेलने फोन ठेवला आणि नवऱ्याला बातमी सांगितली. क्लोविसने डोक्यावरची टोपी काढली.

"जपून कर," तो म्हणाला. "बिघडलं तर बर्फसुद्धा परत मिळायचा नाही. नुसते पेले आणायला लावतील."

दुसऱ्या दिवशी ओझेला स्वतः कृती सांगायला आली. शिळा फ्रेंच पाव, दूध, अंडी, लोणी, साखर, बेदाणे, अक्रोडासारखे पिकानचे दाणे, जायफळ, आणि वरून ओतायला व्हिस्कीचा सॉस. तिने सगळं सावकाश सांगितलं, दोनदा सांगितलं आणि जाताना वर्डेलच्या गालाला हात लावला.

"काही राहिलं नाही ना, मिस ओझेला?"

"काही नाही गं बाळा. सगळं सांगितलं."

इथेच वर्डेलच्या मनात पाल चुकचुकली. त्या भागात पाककृती मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. अगदी प्रेमाने देतात, फक्त त्यातला एक जिन्नस घरी ठेवून घेतात. खुद्द वर्डेलच्या आईने अर्ध्या गावाला गंबोची, म्हणजे तिकडच्या दाट रश्श्याची, कृती वाटली होती आणि अर्ध्या गावाचा गंबो पाणचट होत होता. त्यात ओझेला. ही बाई साधा रस्ता सांगतानासुद्धा एक वळण गाळायची. ती दोनदा सांगते आणि वर गालाला हात लावते?

वर्डेलने सांगितल्याबरहुकूम एक पुडिंग करून पाहिलं. क्लोविसने घास घेतला, छताकडे पाहिलं आणि चमचा चाटला.

"चांगलंय. पण काहीतरी कमी आहे."

"काय?"

"ते मला कळलं असतं तर मीच नसतं केलं?"

झालं. वर्डेलला पुरावा मिळाला. आता चोरीला गेलेला जिन्नस तेवढा शोधायचा होता.

शनिवारी ओझेला बाजारहाटाला जाते हे तिला ठाऊक होतं. ती आधीच जाऊन दुकानात कांद्यांच्या ढिगामागे उभी राहिली. ओझेला एका हाताने सामानाची गाडी ढकलत आली. तिने संत्री घेतली. ताक घेतलं. काकवीचा डबा घेतला. मांजराचं खाणं घेतलं. मग वळून सरळ कांद्यांपाशी आली.

"मघापासून एकच कांदा हातात धरून उभी आहेस. नासका आहे का तो?"

"नाही. म्हणजे, बघत होते."

"पुडिंगात कांदा घालायचा नाही गं. हे सांगायचं राहिलं बघ माझं," ओझेला म्हणाली आणि निघून गेली.

आता हा टोमणा होता, की माग चुकवायची युक्ती? वर्डेलने तिथेच उभं राहून विचार केला आणि मग ओझेलाच्या गाडीत होतं ते सगळं विकत घेतलं. मांजराचं खाणं तिने परत ठेवलं, पण ठेवण्याआधी डब्यावर काय काय छापलंय ते वाचून घेतलं.

घरी संत्री, ताक आणि काकवी पाळीपाळीने घालून पाहिल्यावर तिने त्यातलं एक निवडलं. नाताळच्या दुपारी टेबलावर पुडिंगचं भांडं आलं. प्रत्येकाने चमच्याच्या टोकावर, डॉक्टरने दिलेलं औषध घ्यावं तेवढंच घेतलं. चुलतसासऱ्यांनी आधी वास घेतला. ओझेला डाव्या हातात चमचा धरून, मयताच्या घरी बसतात तशी सहानुभूतीने बसली होती.

मिस टिल्डांनी घास तोंडात घोळवला. गिळला. चमचा खाली ठेवला.

"काकवी घालायला तुला कोणी सांगितलं?"

वर्डेलच्या डोळ्यांपुढे कागदी पेले नाचले. "मिस ओझेलांच्या गाडीत होती," ती पुटपुटली.

"माझ्या?" ओझेला म्हणाली. "अगं, ती मी बिस्किटांवर घालायला नेली. पुडिंगात कोण काकवी घालतं?"

"मी," मिस टिल्डा म्हणाल्या. "आयुष्यभर."

ओझेलाने चमचा ठेवला. "आई, मला तू ती कधी सांगितली नाहीस."

"पोरीला सगळंच सांगून टाकलं, तर ती आईकडे येईल कशाला?"

"म्हणजे इतकी वर्षं मी अर्धवट पुडिंग करत होते? आणि कोणी एका शब्दाने बोललं नाही?"

"काहीतरी कमी असायचं खरं," क्लोविस तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला. "पण मला कोणी विचारलंच नाही."

वर्डेलला एकाएकी फार वाईट वाटलं. बिचारीने खरोखरच होतं नव्हतं ते सगळं सांगितलं होतं. गालावरचा तो हातसुद्धा खरा होता.

"पुडिंग यापुढे वर्डेलकडे," मिस टिल्डांनी निकाल दिला आणि भांडं स्वतःकडे ओढलं. "ओझेला, तू बर्फ आणत जा."

पुढच्या नाताळच्या आदल्या दिवशी वर्डेलचा फोन वाजला. ओझेला होती. हात केव्हाच बरा झाला होता, आवाज नव्हता झाला.

"बर्फ कुठला आणायचा?"

"साधाच, मिस ओझेला. पेट्रोल पंपावर पिशव्या मिळतात ना, त्यातलाच."

"तू तोच आणायचीस?"

"तोच."

पलीकडून कागदावर पेन्सिल खरडल्याचा आवाज आला.

"आणि काही सांगायचं राहिलं नाही ना?"

"काही नाही. सगळं सांगितलं."

"असं होय," ओझेला म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तासाभराने वर्डेल पेट्रोल भरायला गेली, तेव्हा ओझेला बर्फाच्या पेटीपाशी उभी होती. एक पिशवी उजेडाकडे धरून ती आत निरखून पाहत होती.