मिशा लावलेलं गाणं

आमचे शेजारी अण्णा पुराणिक बाईच्या आवाजाला मिशा लावतात.

म्हणजे असं, की तीनेकशे वर्षांपूर्वी युरोपात गायिकांसाठी रचलेली नाजूक गाणी घ्यायची आणि ती युफोनियमवर वाजतील अशी खालच्या सुरांत उतरवायची, हा त्यांचा छंद. युफोनियम म्हणजे लग्नाच्या बँडात मागच्या रांगेत एक माणूस पोटाशी धरून फुगत असतो, ते जाडजूड पितळी वाद्य. अण्णांचे वडील संस्थानाच्या दरबारी बँडात होते. अण्णांची सगळी नोकरी इथल्याच पोलोग्राउंडच्या कारखान्यात झाली, पण इंग्रजी नोटेशन घरातूनच मिळालेलं.

"मैनेचं गाणं म्हशीला कशाला देता?" मी एकदा विचारलं.

"भिया, म्हैस पण भावुक असते. तिला कोणी सोलो देत नाही, बस!"

ती म्हैस म्हणजे मी. कॉलेजात युफोनियम वाजवायचो, असं जिन्यात फुशारकीनं बोलून गेलो आणि रोज संध्याकाळी माझी हजेरी सुरू झाली. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पंचाहत्तरीला तिचं आवडतं गाणं वाजलंच पाहिजे, हा अण्णांचा ध्यास. काकू मिशन स्कूलमध्ये शिकवायच्या, तिथल्या कॉयरमध्ये ते गायच्या.

त्यातल्या ताना माझ्या वाद्यातून अशा निघत, की ट्रक जिना उतरतोय असं वाटावं.

"अरे यार, पोत्यातून बटाटे सांडतोय का? आणि हा सूर केसभर उतरलाय. फिरसे!"

अण्णांना केसभरही चालत नसे. वर एक सक्त ताकीद. "कितीही मोह झाला तरी वरच्या सप्तकात जायचं नाही." माझ्या दमावर यांचा विश्वास नाही, असा अर्थ मी काढला आणि मनातल्या मनात फुगलो.

पंचाहत्तरीला घर पाहुण्यांनी भरलं. काकू अगदी माझ्यासमोर डोळे मिटून बसल्या. सुरुवात झकास झाली. आता या गाण्यांत पहिला भाग शेवटी परत येतो आणि तेव्हा वाजवणाऱ्याला थोड्या सजावटीची मुभा असते. मुभा म्हटल्यावर मी थांबतो होय! थेट वरच्या सप्तकात उडी घेतली. चेहरा टोमॅटो, मानेच्या शिरा टरारलेल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकू अण्णांकडे वळल्या. "अहो, हा मध्येच का थांबला? दम लागला का त्याला?"

मी तर जीव तोडून वाजवत होतो.

अण्णा माझ्या कानाशी वाकले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "तिला वरचे सूर ऐकू येत नाहीत रे आता. कानातल्या मशीनमधून नुसती शिट्टी येते. ये ना खाली."

मी खाली आलो. काकूंची बोटं खुर्चीच्या हातावर हलू लागली. मग त्या गायला लागल्या, पूर्वीच्याच उंच पट्टीत, जिथं त्यांना स्वतःचा आवाजही पोचत नव्हता. सूर केसभर नाही, चांगला हातभर सुटला होता. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मी अण्णांकडे पाहिलं.

गाता गाता काकू थबकल्या. "बरोबर लागतोय ना हो?"

अण्णांनी आवाज होता होईल तेवढा खर्जात नेला. "बिलकुल."

आणि डोळे न पुसता मला हातानं खूण केली, वाजवत राहा.